जिनिंगमध्ये बोटं गेली, कंपनीतलं काम सुटलं: कोणता पैसा कुठून मिळतो

प्रश्न थोडक्यात असा. हिंगणघाट तालुक्यातलं गाव. मोठा भाऊ ३५ वर्षांचा, जिनिंगमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली महिना १२,००० रुपयांवर. गेल्या हंगामात त्याच्या उजव्या हाताची अंगठा सोडून चारही बोटं रेच्यात (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात) गेली. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं, ४०,००० रुपये हातात ठेवले आणि 'माझी काही तक्रार नाही' अशा स्टॅम्पपेपरवर सही घेतली. धाकटा भाऊ बुटीबोरीच्या एका कंपनीत चार वर्षं होता, काम कमी झालं म्हणून त्याला घरी पाठवलं. वडिलांच्या नावावर दोन एकर वावर आहे. धाकटा विचारतो, 'अपंग भत्ता आणि बेकार भत्ता कसा काढायचा?'

भाऊ, दोघांची वाट वेगळी आहे, म्हणून एकेकाचं पाहू. आधी मोठ्याचं, कारण तिथे रक्कम मोठी आहे आणि मुदत पळते आहे.

मोठ्या भावाला भत्ता शोधायचा नाही, भरपाई मागायची आहे. निराधार योजनेचे महिन्याचे पैसे हा आधार आहे, तो सरकारच्या तिजोरीतून येतो. कामावर हात गेला तर त्याचे पैसे मालकाच्या खिशातून यायचे असतात. गावात बहुतेक जण पहिल्याच दिवशी तहसीलच्या संजय गांधी शाखेत रांग लावतात आणि मालकावरचा हक्क दोन वर्षं तसाच पडून राहतो.

आता जिनिंगचं वेगळेपण समजून घ्या. 'पगारातून ईएसआय कापत नव्हते म्हणजे मालकानं फसवलं' असं अनेकांना वाटतं. ईएसआय म्हणजे पगारातून कापून चालणारा सरकारी कामगार विमा. फक्त कापसाचं जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना कायद्याच्या भाषेत हंगामी कारखाना आहे आणि हंगामी कारखान्यांना ईएसआय लागूच नाही. विदर्भातल्या बहुतांश जिनिंग कामगारांचं अपघाताचं प्रकरण म्हणून ईएसआयच्या शाखेत जातच नाही. ते जातं कर्मचारी नुकसानभरपाईच्या कायद्याखाली. हा कायदा १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, त्यामुळे अपघाताची तारीख पाहून वकील अर्ज जुन्या कायद्याखाली की संहितेखाली ते ठरवेल. हिशेबाचं सूत्र दोन्हीकडे तेच आहे. त्याच आवारात वर्षभर चालणारी तेलघाणी किंवा दुसरं युनिट असेल तर मात्र 'फक्त जिनिंग' हे म्हणणं टिकत नाही. तेव्हा पगाराची चिठ्ठी असेल तर तिच्यावर ईएसआयचा नंबर आहे का ते एकदा बघाच. ईएसआय लागू असेल तर भरपाई त्यांच्याकडून घ्यायची, मालकावर वेगळा दावा चालत नाही.

हिशेब असा. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मासिक पगाराच्या ६० टक्के रकमेला वयाच्या गुणकानं गुणायचं. ३५ व्या वर्षाचा गुणक १९७.०६ आहे (३० ला २०७.९८, ४० ला १८४.१७, वय वाढतं तसा तो उतरतो). १२,००० चे ६० टक्के ७,२००. त्याला १९७.०६ नं गुणलं की १४,१८,८३२ रुपये. भावाचं अपंगत्व अंशतः आहे, आणि कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची चार बोटं जाणं म्हणजे कमाईची ताकद ५० टक्के गेली असं ठरवून दिलं आहे. म्हणजे ७,०९,४१६ रुपये. त्याच परिशिष्टात पूर्ण अंगठ्याला ३० टक्के, तीन बोटांना ३०, दोन बोटांना २०, पूर्ण तर्जनीला १४ टक्के आहेत. हात उजवा की डावा यानं या टक्क्यात फरक पडत नाही.

यावर तीन रकमा आणखी आहेत. जखम भरेपर्यंत काम बंद होतं त्या काळात दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के, म्हणजे भावाला ३,००० रुपये. उपचारावर तुम्ही खिशातून केलेला खर्च, बिलं असतील तेवढा. आणि मालकानं महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के साधं व्याज. टाळाटाळीचं सबळ कारण तो देऊ शकला नाही तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही. व्याज मागितलं नाही तर कधी कधी मिळत नाही, म्हणून अर्जात त्याची स्पष्ट मागणी लिहा.

स्टॅम्पपेपरला घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यानं रद्दबातल आहे. तडजोड झालीच तर तिचा मसुदा भरपाई आयुक्तांकडे (असे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) नोंदवावा लागतो. नोंदवला नसेल तर मालकाला पूर्ण रक्कम द्यावी लागते आणि आधी दिलेल्या पैशांतून, आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नाही तर, निम्म्याहून जास्त वजा करता येत नाही. तुमच्या बाबतीत ४०,००० पैकी फार तर २०,००० वजा होतील. ते पैसे घेतले हे मात्र लपवू नका, अर्जात लिहा. लपवलेलं बाहेर आलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका घेतली जाते.

मालक तीन गोष्टी म्हणेल. 'तो माझा नाही, ठेकेदाराचा माणूस होता.' हे चालत नाही. मालकाच्या धंद्याचं काम, त्याच्या आवारात, ठेकेदारामार्फत करून घेतलं तर मालक जबाबदार, मग त्यानं ठेकेदाराकडून वसूल करावं. 'चूक त्याचीच होती, चालू रेच्यात हात घातला.' निष्काळजीपणा हा बचाव नाही. दारू पिऊन काम, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणं किंवा जाळी मुद्दाम काढून टाकणं हा बचाव आहे आणि ते मालकालाच सिद्ध करावं लागतं. अडकलेला कापूस काढायला मुकादमानं सांगितलं होतं आणि रेचा बंद करत नव्हते, हे शेजारच्या दोघा कामगारांनी सांगितलं तर हा मुद्दा बहुधा तिथेच संपतो. तिसरं म्हणणं सगळ्यात धोक्याचं: 'तो त्या दिवशी कामावर नव्हताच.'

हे तिसरं म्हणणं खोडायला कागद लागतो, आणि बहुतेक प्रकरणं इथेच बुडतात. दवाखान्याच्या केसपेपरवर पहिल्या दिवशी, पहिल्या ओळीत काय लिहिलं आहे ते आत्ताच काढून वाचा. जखमीला मालकाचा माणूस गाडीत घालून आणतो, खिडकीवर तोच बोलतो आणि 'घरी थ्रेशरमध्ये हात गेला' किंवा 'गाडीवरून पडला' असं लिहिलं जातं. जखमी वेदनेत असतो, घरचे पोचलेले नसतात. तसं लिहिलं असेल तर नंतरच्या नोंदी (शस्त्रक्रियेचा कागद, डिस्चार्ज कार्ड), दवाखान्याकडून पोलिसांना गेलेली एमएलसीची (पोलिस प्रकरणाची) खबर आणि साक्षीदार यांनी ते खोडावं लागतं. जमतं, पण वेळ खातं. केसपेपरची प्रत मागण्याचा हक्क रुग्णाला आहे, लेखी अर्ज करून घ्या. त्याबरोबर मस्टरवरच्या हजेरीचा फोटो, मुकादमाचे फोनवरचे मेसेज, पगार फोन-पेवर आला असेल तर त्याची नोंद, हंगामात जिनिंगच्या आवारात काढलेले फोटो, असं जे हाती असेल ते एका पिशवीत ठेवा. पगार रोख असेल तर सोबतच्या कामगारांची साक्ष आणि त्या कामाचं किमान वेतन धरून पगार सिद्ध करता येतो.

पुढची पावलं. मालक आणि ठेकेदार दोघांना रजिस्टर पोस्टानं पोच पावतीसह नोटीस: नाव, अपघाताची तारीख, जागा, कसा झाला, काय गेलं, किती मागता. मग भरपाई आयुक्तांकडे दावा. हे काम जिल्ह्यातल्या न्यायालयात चालतं, कोणत्या ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात सांगतील. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल झाला पाहिजे. उशिराचं कारण पटलं तर माफ होतो, पण 'मालक देतो देतो म्हणत होता' हे कारण दर वेळी पटत नाही. वकिलाच्या फीची चिंता असेल तर त्याच प्राधिकरणात अर्ज करा. कामगार, दिव्यांग, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 'रकमेच्या तीस टक्के मला' म्हणणाऱ्या मध्यस्थाला ७ लाखांतले २ लाख देण्याची काहीएक गरज नाही.

दिव्यांग प्रमाणपत्राचं काम समांतर सुरू करा, पण त्यातला टक्का आणि भरपाईचा टक्का एक समजू नका. भरपाईचा टक्का कमाईच्या ताकदीचा असतो आणि चार बोटांसाठी तो कायद्यातच ठरलेला आहे. यूडीआयडी कार्डावरचा (दिव्यांग ओळखपत्रावरचा) टक्का शरीराच्या अपंगत्वाचा, तो मेडिकल बोर्ड वेगळ्या तक्त्यानं काढतं. ईएसआयचं मेडिकल बोर्ड आणखी वेगळं. यूडीआयडीवर ४० च्या खाली आलं म्हणून भरपाई बुडत नाही, आणि भरपाईत ५० टक्के मिळाले म्हणून कार्डावर ५० येतीलच असं नाही. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा यवतमाळ, अकोला, चंद्रपूरसारख्या ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. जखम पुरती भरायच्या आत गेलात तर तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं आणि पुन्हा फेरी पडते. डॉक्टरनं 'आता सुधारणा होणार नाही' म्हटल्यावर जावं हे बरं. आधारवरचं नाव आणि केसपेपरवरचं नाव जुळतं का ते आधीच पाहा. एकीकडे वडिलांचं नाव मध्ये आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावर फाइल परत येते.

कार्डावर ४० टक्के किंवा जास्त आले तर संजय गांधी निराधार अनुदान योजना. दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत, वय १८ ते ६५, महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये आहे, इतरांना १,५०० मिळतात. अर्ज सेतूतून तहसीलला. अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर: तलाठी वडिलांचं दोन एकर आणि तुमचा पगार एकत्र धरतो. भावाची शिधापत्रिका वेगळी असेल आणि तो खरोखर वेगळा राहत असेल तर तसं कागदावर दाखवा. मंजुरीनंतर आधार बँक खात्याला जोडलेलं ठेवा आणि दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकवू नका. अनुदान थांबल्याच्या तक्रारी ऐकल्या तर बहुतेकांचं मूळ या दोन गोष्टींत निघतं.

आता भावाचं पासबुक उघडा आणि मे-जून महिन्यात २० रुपये कापल्याची ओळ आहे का शोधा. असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू आहे, आणि बऱ्याच घरांत हे कुणाला माहीतच नसतं. जनधन खातं काढताना बँकमित्रानं टिक केलेलं असतं. एक हात किंवा पाय कायमचा निकामी झाला तर १ लाख, दोन्ही हात-पाय-डोळे गेले किंवा मृत्यू झाला तर २ लाख. चार बोटं जाणं 'हात निकामी' ठरेल का हे डॉक्टरच्या दाखल्यातल्या शब्दांवर अवलंबून आहे. माझ्या मते दावा टाकावा, पण त्यावर हिशेब बांधू नये. दाव्याची मुदत ३० दिवसांची आहे. उलटली असेल तर कारणासह लेखी द्या आणि पोच घ्या. मे अखेरीला खात्यात २० रुपये नसले तर संरक्षण गुपचूप बंद पडतं, तेवढं घरातल्या बाकीच्यांचं आजच तपासा.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचं नाव तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. सातबारा वडिलांचा असल्यानं कुटुंबातली एक व्यक्ती त्यात बसते, पण तिथे एक डोळा किंवा एक अवयव पूर्ण गेल्यावर १ लाख आणि दोन गेल्यावर किंवा मृत्यूला २ लाख आहेत. बोटांना अवयव धरत नाहीत. ही योजना तुमच्यापेक्षा थ्रेशरमध्ये हात गेलेल्या, वीज पडलेल्या, साप चावलेल्या घरांसाठी महत्त्वाची. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांत. फवारणीतली विषबाधाही तिच्यात येते. तिथे औषधाचा डबा फेकून देऊ नका आणि दुकानाचं बिल जपा, कारण केसपेपरवर कोणतं औषध ते लिहिलं गेलं नाही तर प्रकरण रासायनिक अहवालाची वाट पाहत बसतं. भूमिहीन मजुराला ही योजना नाही. तो दुसऱ्याच्या वावरात ट्रॅक्टर किंवा यंत्रावर चालणाऱ्या मळणीच्या कामावर होता, तर वर सांगितलेला नुकसानभरपाईचाच कायदा त्याला लागू पडू शकतो. हे गावात जवळजवळ कुणी वापरत नाही.

आता तुमचं. महाराष्ट्रात रोजगार कार्यालयात नाव नोंदवलं म्हणून महिन्याला बेकारभत्ता सुरू होत नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या 'बेरोजगारी भत्ता ३,५००' वगैरे लिंकवर आधार टाकू नका. ई-श्रम कार्ड हीदेखील फक्त नोंदणी आहे, ते पैसे देत नाही. तुमचा खरा हक्क तुमच्या ईएसआयमध्ये आहे, कारण बुटीबोरीत तो कापला गेला असणार.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेल्यावर सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा मिळतात. महिन्याला १५,००० पगार होता असं धरलं तर तीन महिन्यांचे साधारण २२,५०० रुपये. अटी: किमान दोन वर्षं विमायोग्य नोकरी, बेकारीच्या लगेच आधीच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचं अंशदान (पगारातून कापलेला विम्याचा हप्ता), त्याआधीच्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन काळांपैकी एकात आणखी ७८ दिवस. अंशदान काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. ईएसआयच्या पोर्टलवर आपला आयपी नंबर (ईएसआयचा विमा क्रमांक) टाकून प्रत्येक काळाचे दिवस मोजून घ्या. ठेकेदार बदलताना नवा आयपी नंबर काढला गेला असेल तर तुमचे दिवस दोन नंबरांत विभागलेले दिसतात आणि दावा अपात्र ठरतो. दोन्ही नंबर एक करून घेण्याचा अर्ज शाखा कार्यालयात द्या. दावा काम गेल्यानंतर ३० दिवसांनी करता येतो. योजना वेळोवेळी मुदतवाढीवर चालते, म्हणून तुमची काम गेल्याची तारीख चालू मुदतीत बसते का हे शाखेत विचारूनच अर्ज भरा.

यात सगळ्यात मोठा खड्डा आहे राजीनाम्याचा. स्वतःहून काम सोडलं, संपावर गेला किंवा शिस्तभंगात काढलं, तर ही योजना लागत नाही. 'पूर्ण हिशेब हवा असेल तर या कागदावर सही कर' म्हणून पुढे केलेला कागद पुष्कळदा राजीनामाच असतो. अजून सही केली नसेल तर करू नका. पीएफमध्ये कंपनीनं कामाच्या शेवटाचं कारण काय भरलं आहे तेही तपासा. कपात म्हणून काढलं असेल आणि वर्षात २४० दिवस भरले असतील तर महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि दर वर्षामागे १५ दिवसांची भरपाई हा वेगळा हक्क आहे. त्यासाठी कामगार आयुक्त कार्यालय. कंपनीच कायमची बंद झाली किंवा औद्योगिक कायद्याखाली कपात झाली तर ईएसआयचीच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनाही पाहा: पहिले १२ महिने पगाराच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. ९० दिवसांच्या योजनेपेक्षा ती कितीतरी मोठी आहे, तरी तिचा फॉर्म मागणारे कमीच.

पीएफ हा तुमचाच पैसा आहे, भत्ता नव्हे, म्हणून तो शेवटी हात लावायचा पैसा समजा. जुन्या नियमानं एक महिना बेकार राहिल्यावर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेलं निघत होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय विश्वस्त मंडळानं ७५ टक्के लगेच, उरलेले २५ टक्के १२ महिन्यांनी आणि पेन्शनचा भाग ३६ महिन्यांनी असा बदल मंजूर केला. अर्ज करताना पोर्टल कोणता पर्याय उघडतं ते पाहा. कंपनीनं शेवटची तारीख भरली नसेल तर शेवटच्या अंशदानानंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः भरू शकता. पेन्शनचे पैसे मात्र काढू नका, त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट (भरलेल्या वर्षांचा दाखला) घ्या. १० वर्षं भरली की ५८ व्या वर्षी पेन्शन लागते, आणि तुमची ४ वर्षं पुढच्या नोकरीला जोडली जातात.

मोठ्या भावाचाही पीएफ कापला जात होता का पाहा. २० किंवा जास्त कामगारांच्या जिनिंगला तो लागतो. हंगामी कामगारानं वर्षातले काही महिनेच काम केलं तरी पेन्शनसाठी ते पूर्ण वर्ष धरलं जातं, आणि इथेच नुकसान होतं, कारण हंगाम संपला की एप्रिलमध्ये सगळं काढून घ्यायची पद्धत पडली आहे. कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर दहा वर्षांची अट न लावता पेन्शन मिळते, महिन्याचं एक अंशदान असलं तरी पुरतं. चार बोटांनी ते 'पूर्ण' अपंगत्व ठरणार नाही, हेही खरं. ग्रॅच्युइटीला हंगामी कारखान्यात दर हंगामामागे सात दिवसांचा पगार धरतात, आणि अपंगत्वानं काम सुटलं तर पाच वर्षांची अट लागत नाही. भाऊ किती हंगाम त्याच जिनिंगवर होता ते मोजा, रक्कम लहान असली तरी मागा.

मधल्या काळात घर चालवायला रोजगार हमीचं काम मागा. तोंडी नको, ग्रामपंचायतीत नमुना ४ भरून तारखेची पोच घ्या. १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता लागू होतो: पहिले ३० दिवस मजुरीच्या एक चतुर्थांश, पुढे निम्मा. पोच नसेल तर मागणी झालीच नाही असं धरलं जातं, आणि ग्रामरोजगार सेवक पोच द्यायला टाळतो तो याच कारणानं. नाहीच दिली तर अर्ज रजिस्टर पोस्टानं गटविकास अधिकाऱ्याला पाठवा. डिसेंबर २०२५ मध्ये मनरेगाच्या जागी १२५ दिवसांची हमी देणारा नवा कायदा संसदेनं केला आहे, त्यामुळे तुमच्या तालुक्यात सध्या कोणते फॉर्म चालतात ते विचारून घ्या. भावाला त्याच्या हाताला झेपेल असं काम, म्हणजे पाणी देणं किंवा मुलं सांभाळणं, द्यावं अशी लेखी मागणी त्याच अर्जात करा.

या आठवड्यात करायचं एवढंच: दवाखान्यातून केसपेपरची प्रत, मालक-ठेकेदाराला नोटीस, आणि तुमच्या आयपी नंबरवरच्या दिवसांची मोजणी. अपघाताची तारीख नोटिशीत चुकीची पडू देऊ नका. ती केसपेपर, पोलिसांची खबर आणि नोटीस या तिन्हींवर एकच असली पाहिजे.